मतांचे वजन आणि मतांचा कस

दिल्लीतील करोल बागेचे नाव निघाले की बहुतेकांना बाजार आठवतो, आणि त्यात वावगे काही नाही. नवी राजधानी उभारताना जी खेडी उठवली गेली त्यांतील काही कुटुंबे या भागात येऊन राहिली; हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते १९२१ साली येथेच झाले; आणि १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी येथील पदपथांवर जी दुकाने मांडली, त्यांतून आजची पेठ वाढली. सरहद्द गांधींच्या नावाचे गफ्फार मार्केट एके काळी परदेशी घड्याळे आणि ट्रान्झिस्टर यांसाठी प्रसिद्ध होते. पुढे तेथे मोबाइलची दुरुस्ती होऊ लागली. बिघडलेली वस्तू टाकून न देता उघडून पाहावी, कोणता भाग चालतो आणि कोणता नाही हे शोधावे, हा या वस्तीचा स्वभावच आहे.

या वस्तीत थोडा महाराष्ट्रही आहे. स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांसाठी येणारी मराठी मुले अलीकडची. त्यांच्या कितीतरी आधी सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून निघालेली गलाई कारागिरांची कुटुंबे देशभराच्या सराफ बाजारांत पसरली, तशी दिल्लीतही आली. सोनारांच्या दुकानातील झाडलोटीची माती विकत घ्यावयाची, ती जाळून व धुऊन तिच्यातील सोन्याचा कण न् कण वेगळा करावयाचा, जुने दागिने गाळून त्यांतील शुद्ध धातूचे प्रमाण ठरवावयाचे, हा त्यांचा धंदा. सामान्य माणूस सोन्याचे वजन पाहतो. गलाईवाला कस पाहतो. नमुन्याचा लहानसा तुकडा घेऊन तो शिशाबरोबर तापवावा, उरलेली चांदी तेजाबात विरघळवावी आणि शेवटी जे उरेल ते तोलावे, तेव्हा कुठे खरे सोने किती हे कळते.

अशाच एखाद्या कुटुंबातील मुलगा डोळ्यांपुढे आणावा. २०१५ साली तो पंचविशीच्या आत-बाहेर होता. भट्टीजवळ बसण्याऐवजी त्याने संगणकाजवळ बसणे पसंत केले आणि तो संकेतस्थळे बांधू लागला. अशा तरुणाला वेब डेव्हलपर म्हणतात. त्याची गिऱ्हाइके म्हणजे मोबाइलचा एखादा दुकानदार, एखादी शिकवणी, घरगुती डबे पुरवणारी एखादी बाई. दिवसभर त्याचे काम असे चाले, आणि कामाच्या फटीफटीतून तो आणखी दहा गोष्टींत लक्ष घाली: नवा फोन केव्हा येणार, कोणत्या पक्षाने कोणाला तिकीट दिले, काल क्रिकेटमध्ये काय झाले, कोणत्या चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली, कोणत्या विदूषकाने कोणाची कशी टर उडवली. घरातील वडीलधाऱ्यांची तक्रार ठरलेली असते, की याचे चित्त ठिकाणावर नाही. ही तक्रार सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. एका हाताने काम आणि दुसऱ्या हाताने करमणूक अशा रीतीने जगणाऱ्या माणसाचे वाचन उथळ होते, आणि राजकारणाविषयीचे त्याचे मत पुष्कळदा दुसऱ्याच्या विनोदातून उसने घेतलेले असते. परंतु या तीन आवडी, म्हणजे तंत्रविद्या, राजकारण आणि लोकरंजन, एकमेकींपासून अगदी अलग आहेत असा जो समज आहे, तो मात्र २०१५ च्या वसंत ऋतूत खोटा ठरला. ती हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तत्पूर्वी या तरुणाच्या धंद्यातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. संकेतस्थळाचे पान ज्या सांकेतिक लिपीत लिहिलेले असते, ती लिपी वाचकापासून लपवलेली नसते. पाहणाऱ्याच्या मनात आले तर पडद्यावरील पानामागचे मूळ लिखाण त्याला उघडून पाहता येते. असंख्य मुले हा धंदा याच रीतीने शिकली. कोणा गुरूने न शिकवता, दुसऱ्याचे काम उघडून पाहून. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञाने १९८९ मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत या विश्वजालाची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ते तंत्र सर्वांसाठी खुले केले. कोणाला स्वामित्वशुल्क द्यावे लागणार नाही असे जाहीर केले. भारतात विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. म्हणजे करोल बागेतील त्या तरुणाची रोजची भाकरी एका खुल्या ठेवलेल्या दारावर अवलंबून होती. हे दार कोणी किलकिले करू लागले तर त्याला राजकारण समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्या वर्षी मार्च महिन्याच्या एकाच आठवड्यात दिल्लीत दोन घटना घडल्या. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. या खटल्याचे मूळ महाराष्ट्रात होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दर्शवली, आणि दोघींनाही अटक झाली. हे वाचून दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने न्यायालयात अर्ज केला होता. निकालाचा आनंद ताजा असतानाच, तीन दिवसांनी, म्हणजे २७ मार्च रोजी, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एक विचारार्थ टिपण प्रसिद्ध केले. इंग्रजीतील ११८ पृष्ठे, शेवटी वीस प्रश्न, आणि उत्तरे पाठवण्याची मुदत २४ एप्रिल.

प्रश्नाचे स्वरूप थोडक्यात असे होते. दूरसंचार कंपन्या तारेवरून किंवा लहरींवरून माहिती वाहून नेतात. त्या माहितीत काय आहे, कोणाची आहे, हे न पाहता त्यांनी ती सारख्याच दराने व सारख्याच वेगाने न्यावी, की काही सेवांना वेगळा दर लावण्याची त्यांना मुभा असावी? टपालखात्याने एका पेढीची पत्रे फुकट पोहोचवावीत आणि शेजारच्या दुकानदाराच्या पत्रांना दुप्पट तिकीट लावावे, असे कोणी सुचवले तर त्यातील अन्याय लगेच ध्यानात येतो. मात्र इंटरनेटच्या बाबतीत तो इतक्या सहज दिसत नाही. कंपन्यांचीही बाजू होती. मनोरे त्यांनी उभारावयाचे, लहरींची किंमत त्यांनी मोजावयाची, आणि त्यांच्याच खांद्यावरून फुकटात संभाषण करू देणाऱ्या नव्या सेवांनी त्यांचे दूरध्वनीचे उत्पन्न खाऊन टाकावयाचे, हे त्यांना मानवत नव्हते. हे म्हणणे अगदीच गैरवाजवी नव्हते. नियामकाने प्रश्न विचारला यात त्याचे काही चुकले असेही नव्हे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एअरटेलने एक योजना पुढे आणली. तिच्यात काही संकेतस्थळांचा वापर ग्राहकाला फुकट पडणार होता. त्याचा खर्च त्या संकेतस्थळांच्या मालकांनी सोसावयाचा होता. घराघरांतून त्या दिवसांत काय संवाद झाले असतील याची कल्पना करणे अवघड नाही.

“फुकट देतोय म्हणतोय कंपनीवाला, तर घ्यायला काय झालं?” वडील विचारणार.

“आण्णा, उद्या बाजारात आलेल्या गिऱ्हाइकाला मोठ्या पेढीपर्यंत रिक्षा फुकट, आणि आपल्या गल्लीत यायचं तर भाडं, असं झालं, तर आपल्याकडं कोण येईल?”

एवढे सांगितल्यावर सराफ बाजारात हयात घालवलेल्या माणसाला अधिक समजावण्याची आवश्यकता नाही. फुकट या शब्दामागे कोणीतरी किंमत मोजत असते, हे त्याला मुलापेक्षा अधिक ठाऊक असते.

तथापि ११८ पृष्ठांचे इंग्रजी टिपण किती जण वाचणार? येथे लोकरंजनाने आपले काम केले. मुंबईतील ऑल इंडिया बकचोद या नावाच्या विनोदी कलावंतांच्या गटाने (नाव शिष्टसंमत नाही, पण जे आहे ते आहे) त्याच महिन्यात एक लहानशी चित्रफीत प्रसिद्ध केली. हा गट दोनच महिन्यांपूर्वी एका अश्लील ठरवल्या गेलेल्या कार्यक्रमापायी पोलिसांकडील तक्रारींना तोंड देत होता. जून २०१४ मध्ये अमेरिकेत जॉन ऑलिव्हर या विनोदवीराने याच विषयावर केलेला कार्यक्रम गाजला होता, तो धडा त्यांनी गिरवला. चित्रफितीत थट्टा होती, शिव्याही होत्या, परंतु प्रश्न नेमका काय आहे हे ज्याने टिपण वाचले नव्हते त्यालाही कळत होते. सोबतच काही स्वयंसेवकांनी (पत्रकार होते, वकील होते आणि संकेतस्थळे बांधणारे तरुण होते) ‘सेव्ह द इंटरनेट’ नावाचे संकेतस्थळ उभारले. दिल्लीतील पत्रकार निखिल पाहवा हे या मोहिमेतील एक प्रमुख नाव. वीसही प्रश्नांची उत्तरे तेथे तयार होती. वाचावीत, हवा तो फेरफार करावा, खाली आपले नाव लिहावे आणि नियामकाच्या पत्त्यावर पाठवून द्यावीत. मुदत संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक पत्रे नियामकाकडे जाऊन पोहोचली. दरम्यान १४ एप्रिल रोजी फ्लिपकार्टने एअरटेलच्या योजनेतून अंग काढून घेतले होते.

भारतात एका नियमाच्या मसुद्यावर इतक्या नागरिकांनी आपण होऊन मत कळवावे, ही नवलाईची गोष्ट होती. ज्यांना विदूषकाच्या चित्रफितीपलीकडे काही पाहावयाचे नसते असे आपण मानले होते, त्यांनीच ती पत्रे पाठवली होती. याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण येथेच थांबून कौतुकाचे चार शब्द बोलून मोकळे होणे बरे नव्हे. कारण दहा लाख पत्रे आली याचा अर्थ दहा लाख माणसांनी विचार केला असा होतो काय? पुष्कळांनी तयार उत्तर न वाचताच पुढे ढकलले असणार. नियामकाच्या कचेरीत ती पत्रे चाळणाऱ्या अधिकाऱ्यापुढे एकाच मजकुराच्या प्रती ढिगाने आल्या असतील. तो ढीग तोलावा कसा? आणि नियामकाने तरी काय केले? २७ एप्रिल रोजी त्याने सारी पत्रे, पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसह, आपल्या संकेतस्थळावर जशीच्या तशी लावून टाकली. पारदर्शकता राखावी असे त्याला १९९७ च्या कायद्याने सांगितलेले आहे हे खरे; पण त्या घाईत दहा लाख माणसांचे पत्ते चव्हाट्यावर आले. कागदावर आलेले पत्र नस्तीत लावण्याची सवय असलेल्या कचेरीला हे नवे पत्र कसे हाताळावे हे अजून उमगले नव्हते.

प्रश्नाची दुसरी बाजू आठ महिन्यांनी दिसून आली. ९ डिसेंबर २०१५ रोजी नियामकाने दुसरे टिपण काढले, ते केवळ वेगवेगळ्या दरांविषयी होते आणि त्यात चारच प्रश्न होते. त्या सुमारास फेसबुक कंपनी आपली ‘फ्री बेसिक्स’ ही योजना भारतात आणू पाहत होती. निवडक संकेतस्थळे गरिबांना फुकट मिळावीत असा तिचा प्रचार होता. वृत्तपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. शिवाय फेसबुकच्या सभासदांच्या पडद्यावर एक तयार पत्र येऊ लागले. एक कळ दाबली की ते नियामकाकडे जाई. अशी पत्रेही लाखांनी गेली. तंत्र तेच होते, सुलभता तीच होती, मात्र त्या पत्रांत विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरे नव्हती. आम्हांला ही योजना हवी, एवढेच होते. तेव्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष राम सेवक शर्मा होते. हे सनदी अधिकारी स्वतः संगणकशास्त्र शिकलेले. प्राधिकरणाने कंपनीला कळवले की आपल्या सभासदांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देण्यास सांगा. आणि पुढे जानेवारीत अशा आशयाचे पत्र लिहिले की विचारविनिमयाला तुम्ही हात वर करून मते मोजण्याच्या ओबडधोबड खेळाचे रूप देत आहात.

या उत्तरात शासनव्यवहाराचे एक मोठे तत्त्व आहे. निवडणुकीत मताचे वजन पाहतात. तेथे विद्वानाचे एक आणि अडाण्याचेही एकच. परंतु नियम करताना जे मत मागितले जाते त्याचा कस पाहावयाचा असतो. एखाद्या गावातील एकाच माणसाने, या नियमामुळे माझे असे असे नुकसान होईल, असे पुराव्यानिशी लिहिले तर ते एक पत्र तयार मजकुराच्या लाख प्रतींपेक्षा भारी ठरावयास हवे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने वेगवेगळे दर आकारण्यास मनाई करणारा विनियम प्रसिद्ध केला. दंड दिवसाला पन्नास हजार रुपये, जास्तीत जास्त पन्नास लाख. डोक्यांची मोजदाद करून हा निर्णय झाला असता तर तो कदाचित उलटही लागला असता. जुलै २०१८ मध्ये सरकारने इंटरनेटच्या समानतेचे व्यापक तत्त्वही मान्य केले. गरिबाला इंटरनेट मिळावे हा मुद्दा मात्र या विनियमाने सुटला नाही हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि दर कोसळले, त्या स्पर्धेने तो पुष्कळसा सोडवला.

तयार पत्रांचा हा मार्ग कोठवर जाऊ शकतो हे अमेरिकेत दिसले. तेथील दळणवळण आयोगाने २०१७ मध्ये याच समानतेचा नियम मागे घेण्याचे ठरवले, तेव्हा त्याच्याकडे सुमारे २ कोटी २० लाख अभिप्राय आले. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने चौकशी करून मे २०२१ मध्ये अहवाल दिला: त्यांपैकी सुमारे १ कोटी ८० लाख अभिप्राय बनावट होते. नियमाच्या विरुद्ध ८५ लाख, तेही कंपन्यांच्या पैशाने, खऱ्याखुऱ्या माणसांच्या नावावर, त्यांना न विचारता. आणि नियमाच्या बाजूने ७७ लाख. ते एकोणीस वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने एकट्याने, संगणकाकरवी खोटी नावे रचून, पाठवले होते. करोल बागेतील तरुणाजवळ जे कसब आहे तेच त्या विद्यार्थ्याजवळ होते, आणि कदाचित हेतूही तोच. फरक इतकाच की एकाने खऱ्या माणसांना पत्र पाठवण्याची वाट करून दिली, आणि दुसऱ्याने माणसांना वगळून पत्रेच पाठवली. आता तर मागणी करताच दर वेळी निराळ्या शब्दांत पत्र लिहून देणारी यंत्रे आली आहेत. एकच मजकूर पाहून प्रत ओळखण्याची सोयही यापुढे राहणार नाही.

म्हणून पत्रांचा लोंढा थांबवावा काय? तसाही प्रयत्न झाला आहे. पर्यावरणीय परिणामांच्या छाननीसंबंधी केंद्र सरकारने २०२० साली एक मसुदा प्रसिद्ध केला, त्यावर आक्षेपांची पत्रे तत्कालीन मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या पत्त्यावर मोठ्या संख्येने गेली. जुलै महिन्यात दिल्ली पोलिसांनी मोहीम चालवणाऱ्या तरुणांच्या संकेतस्थळाबाबत नोटीस काढली, आणि तीत दहशतवादविरोधी कायद्याचे कलम घातले. नंतर ते चुकून घातले गेले असे सांगून नोटीस मागे घेतली. मधल्या काळात ते संकेतस्थळ काही दिवस बंद होते. मंत्र्याची टपालपेटी भरून वाहते याचा त्रास कचेरीला होतो हे खरे आहे, पण मत मागवल्यानंतर ते आले म्हणून पोलिसांकडे जाणे हे कोणत्याही मापाने शोभत नाही. उलट त्याच मसुद्याविषयी दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिलेला आदेश अधिक विचार करण्याजोगा होता. मसुद्याचे भाषांतर घटनेच्या आठव्या परिशिष्टातील बावीसही भाषांत करावे, असे न्यायालयाने सांगितले. सरकारला तो आदेश रुचला नाही आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. परंतु त्यातील युक्तिवाद साधा होता. ज्याला मसुदा वाचता येत नाही तो दुसऱ्याचेच पत्र पुढे ढकलणार. आण्णांसारख्या माणसाला तेजाबाच्या धुरासंबंधीचा नियम मराठीत वाचावयास मिळाला, तर त्याविषयी ते चार ओळी अशा लिहून देतील की त्या कोणत्याही मोहिमेच्या तयार पत्रात सापडणार नाहीत. दहा लाखांचे बळ असलेल्या त्या तरुणांचे कसब या कामी आले तर बरे: मजकूर तयार करून देण्याऐवजी मसुदा सोपा करून सांगणे, त्याची भाषांतरे करणे आणि प्रत्येकाला आपल्या शब्दांत लिहिता येईल अशी कोरी जागा ठेवणे.

कचेऱ्यांनीही काही शिकावयाचे आहे. २०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच असे धोरण आखले आहे की कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. तरी मत आल्यावर त्याचे काय करावे यात अजून एकवाक्यता नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाविषयीच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आलेली मते उघड केली जाणार नाहीत, ती विश्वासाने जपून ठेवली जातील, असे मंत्रालयाने सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नियम अधिसूचितही झाले. म्हणजे २०१५ साली पत्त्यांसकट सारे उघडे होते, आणि दहा वर्षांनी पत्त्यांसकट सारे झाकलेले. मत प्रसिद्ध करावे आणि लिहिणाराचा पत्ता झाकावा, आणि कोणता आक्षेप का स्वीकारला वा का नाकारला याचे दोन ओळींचे उत्तर मसुद्याबरोबर द्यावे, ही गोष्ट कोणत्याही कचेरीच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी लागणारे संकेतस्थळ करोल बागेतील कोणताही चांगला कारागीर एका आठवड्यात बांधून देईल.